वासराच्या वाट्याचा खरवस

गाय व्याली की आपल्याकडे पहिला प्रश्न येतो तो गाईच्या तब्येतीचा नसतो. काय झालं, कालवड की गोऱ्हा? कालवड म्हटलं की चेहरे फुलतात, गोऱ्हा म्हटलं की तोंडं उतरतात. ज्या घरात सुनेला मुलगी झाली म्हणून सुतकी कळा येते, त्याच घरात जर्सीला नर झाला म्हणूनही तीच कळा येते. हावेला नर-मादी कळत नाही, तिला फक्त फायदा कळतो.

येडगावच्या चांगदेवच्या गोठ्यात दोन हजार तीनच्या उन्हाळ्यात हेच घडलं. गोऱ्हा झाला. काळा कुळकुळीत, कपाळावर पांढरा टिळा. नांगरटीला ट्रॅक्टर आणि दूध डेअरीला, मग याचं करायचं काय? चांगदेवनं चीक शेवटच्या धारेपर्यंत काढून घेतला आणि वासराच्या जिभेला नुसतं बोट लावलं. त्याच्या बायकोनं, साळुबाईनं, जुन्या हिरव्या लुगड्याचा काठ फाडून कौतुकानं वासराच्या गळ्यात बांधला आणि चुलीवर खरवस चढवला. गूळ, वेलदोडा, वर थोडं जायफळ. शेजारीपाजारी वाट्या गेल्या, सगळ्यांनी वाहवा केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुधाच्या किटल्यांबरोबर वासरूही गोणीत घालून मोटरसायकलवरून गेलं. शिनोलीचा एक पाहुणा ते पाळणार आहे, असं चांगदेवनं सांगितलं. साळुबाईनं जास्त विचारलं नाही. न विचारणं सोयीचं असतं, हे आपल्याला चांगलं ठाऊक असतं.

वासरू शिनोलीला गेलंच नव्हतं. खोडदच्या रस्त्याला भागुजींच्या फाटकाला ते बांधलेलं होतं.

भागुजी वीज मंडळातून निवृत्त झालेले वायरमन. त्यांनी आणि त्यांच्या बायकोनं, जानकाबाईंनी, आपल्या तुकड्यात पत्र्याची शेड उभी केली होती. ट्रकनं उडवलेली कुत्री, विहिरीत पडलेलं माकड, बिबट्यानं फाडलेली शेळी, जे येईल त्याची दोघं सेवा करत. लोक आधी हसले. मग त्या लोकांनी एक युक्ती काढली. नको असलेला गोऱ्हा सकाळी डेअरीला जाता जाता त्या फाटकाला बांधायचा, हात जोडायचे आणि गाडीला किक मारायची. आम्ही मारलं तर नाही ना, आश्रमात सोडलं, पुण्यच लागेल, असं वर सांगायचं. पुण्य म्हणे! त्या घरी कधी चहाचा घोट न घेतलेली ही माणसं उपाशी जीव मात्र त्याच घराच्या फाटकाला बांधून येत होती. चीकच न मिळालेली ती वासरं बहुतेक मरायची, आणि त्यांना ओढून नेऊन खड्डा खणणं भागुजींच्या नशिबी यायचं.

त्याच दिवशी दुपारी साळुबाई खरवसाचा डबा घेऊन तिथं गेली. आदल्या वर्षी जानकाबाईंनी तिची शेळी वाचवली होती, ते ती विसरली नव्हती. शेडमध्ये पोत्यावर एक वासरू आडवं पडलं होतं आणि जानकाबाई त्याच्या तोंडात बाटलीनं थेंब थेंब दूध सोडत होत्या. साळुबाईला आधी तो हिरवा काठ दिसला. मग कपाळावरचा टिळा दिसला, आणि तिचे पाय तिथंच थबकले.

“ह्यो आमचा हाय,” ती कशीबशी म्हणाली.

जानकाबाईंनी मान वर केली. डब्याकडे पाहिलं, उघडायला सांगितलं. आत गुळानं तांबूस झालेल्या वड्या होत्या, अगदी घट्ट, पहिल्या दिवसाच्या चिकाच्या.

“ह्ये त्याचं व्हतं साळुबाई. त्याच्या आईनं त्याच्यासाठी आणलेलं. आता द्या की त्याला,” त्या म्हणाल्या. साळुबाईचा हात वडीकडे गेला. “शिजवलेला चीक परत कच्चा व्हत नाय.”

त्यांनी डब्याचं झाकण लावलं आणि भरलेला डबा परत तिच्या हातात दिला. साळुबाई तशीच उन्हातून घरी पळाली. नणंदेसाठी फ्रीजमध्ये चिकाची बाटली ठेवलेली होती, ती घेऊन परत आली. जानकाबाईंनी चीक कोमट केला, बाटली तोंडाला लावली. वासरानं एकदा जीभ हलवली. चीक ओठाच्या कडेनं खाली सांडला. साळुबाई त्याची मान मांडीवर घेऊन बसली, काकुळतीला येऊन त्याला पी म्हणत राहिली. उन्हं कलायच्या आत ते गेलं.

बायको कुठं गेली म्हणून शोधत चांगदेव तिथं पोचला, तेव्हा ती रडत होती. तो ओशाळला, पण क्षणभरच. मग सरळ म्हणाला, “चल घरी. भागुजी टाकील त्याला वढून. त्यांना काय नवीन हाय का?”

जानकाबाई उठून उभ्या राहिल्या. “पुण्य तुमाला आन् मढं आमाला?” त्या म्हणाल्या.

शेडच्या दारात आलेल्या भागुजींनी त्यांना हातानं थांबवलं. रागावले तरी ते हळूच बोलत. “चांगदेवराव, माझा बाप तुमच्या आज्याची मेलेली ढोरं वढायचा. त्याच्या मनात नव्हतं, पण गावानं ते काम त्याच्या गळ्यात घातलेलं. छप्पन साली दीक्षा घेतली आन् त्यानं दोर फेकून दिला. घरात उपास पडले, पण परत दोराला शिवला नाय. मी जनावराला हात लावतो ते जगावं म्हणून, माझ्या मर्जीनं. तुमी जित्तं वासरू उपाशी ठिवून माझ्या दारात बांधता, म्हंजी त्योच दोर परत माझ्या हातात देता. मी तो घेणार नाय.”

चांगदेवची मान खाली गेली. त्यानं गोणी शोधायला इकडंतिकडं पाहिलं. पण साळुबाईनं डोळे पुसले आणि म्हणाली, “गोणी नगं. झाकायचं कशाला? उचला. मी मागचे पाय धरते.”

संध्याकाळच्या दुधाची वेळ होती. डेअरीपुढं किटल्या घेऊन सारा गाव उभा होता. चांगदेव आणि साळुबाई वासरू उचलून त्या सगळ्यांसमोरून चालत गेली. कुणीतरी विचारलं, काय झालं रे? चांगदेवला खोटं सांगता आलं असतं. “माझंच हाय. मीच उपाशी मारलं,” तो म्हणाला. रांगेतल्या बऱ्याच जणांनी नजर किटलीत घातली, कारण त्यांच्याही गोठ्यातला दोर त्या फाटकाला लागलेला होता. स्वतःच्या बांधाला चांगदेवनं स्वतःच्या हातानं खड्डा खणला.

पुढं ती गाय परत व्याली. परत गोऱ्हाच झाला. या खेपेला चांगदेवनं भांडं आणायच्या आधी वासराला उचलून आचळाला लावलं आणि त्याचं पोट टम्म होईपर्यंत तो तिथंच उकिडवा बसून राहिला. तो गोऱ्हा शेवटपर्यंत त्याच्याच गोठ्यात राहिला. शेजारीण वाटी घेऊन आली, तिला साळुबाईनं रिकामी परत पाठवली. चार दिवसांनी उरल्यासुरल्या चिकाचा खरवस झाला. पातळ, न जमलेला, चमच्यानं खावा असा. तो घेऊन नवरा-बायको दोघं खोडदच्या रस्त्याला गेली.

“प्यायला का?” जानकाबाईंनी आधी विचारलं.

“पोट भरून प्यायला,” चांगदेव म्हणाला. तेव्हा कुठं त्यांनी डबा हातात घेतला. चांगदेवनं त्या दिवशी त्या घरात चहा घेतला आणि भागुजींना पहिल्यांदा भाऊ म्हणाला.

मंडळी, भागुजींच्या फाटकाला अजूनही कुणीतरी दोर बांधून जातं. तुम्ही-आम्हीच ते. जो जीव आपल्या फायद्यासाठी आपण जन्माला घालतो, त्याचा भार दुसऱ्याच्या दारात टाकून कुणाला पुण्य मिळत नसतं. तेव्हा पुढच्या वेळी कुणी प्रेमानं खरवस आणून दिला, तर तो घट्ट जमलाय का, हे बघू नका. वासरू प्यायलं का, एवढं आधी विचारा.