वलीचाचांची फुंक

जुन्या शहरातल्या वलीचाचांची क्लॅरिनेट चाळीस वर्षं वरातींपुढं वाजली. बार्शीटाकळीपासून मोर्शीपर्यंत नवरदेवांचे मामे तिच्यावर घाम निथळेस्तोवर नाचले. आणि घरची नात, तीन वर्षांची शाइस्ता, आजोबांनी वाजवायला घेतलं की कानांवर हात ठेवून थेट पलंगाखाली! सांगा आता, माणसानं तोंड कुठं दाखवावं?

चाचांनी काय कमी उपाय केले? लग्नातली गाणी झाली, मोबाइलवरची बालगीतं ऐकून तीही वाजवून झाली. पोरगी पलंगाखालीच. बरं, तिला तालासुराचं वावडं म्हणावं तर तसंही नाही. आजी पीठ चाळायला बसली की ही चाळणीच्या तालावर मान हलवायची, शिलाई मशीन सुरू झाली की डुलायची. म्हणजे साऱ्या घरात एक आजोबाच तेवढे नकोत. चाचांच्या ते फार जिव्हारी लागलं. त्यांनी क्लॅरिनेट पेटीत घातली आणि पेटी कपाटावर टाकली.

त्यांची बायको रजियाबी गप्प बसणाऱ्यातली नव्हती.

"पोरीले तुमचं वाजवणं आवडत नाई असं नाई, तिच्या कानाले सोसत नाई. चाळीस वर्षं ढोलाच्या बाजूले उभे राह्यले तुमी. आता घरातबी वरातीसारखं वाजवून राहिले."

वर तिनं हेही ऐकवलं की नवऱ्याशी ती ओरडून बोलते ते काही हौसेनं नाही. चाचा भडकले. पण खरं ते खरं. गल्लीत मागून आलेली मोटारसायकल त्यांना हल्ली कळत नसे.

दुपारी त्यांनी मुकाट्यानं पेटी खाली काढली. फुंक कमी केली. रजियाबी हातानं खुणावत राहिली, अजून कमी, अजून. होता होता चाचांना स्वतःलाच काही ऐकू येईना. बोटं चालत होती, पण सूर लागतोय की नुसती हवा जातेय, अल्ला जाणे. ज्याच्या वाजवण्यावर गावंच्या गावं नाचली त्याला आपलाच सूर ऐकू येऊ नये! त्यांचे डोळे भरून आले. तरी त्यांनी वाजवणं सोडलं नाही.

शाइस्ता पलंगाखालून बाहेर आली. कानांवरचे हात केव्हाच खाली आले होते. येऊन आजोबांच्या गुडघ्याला टेकली आणि डुलू लागली. मधेच चाचांचं एक बोट घसरलं, तशी ती थबकली आणि वर बघू लागली. बोट जागेवर आलं, तशी पुन्हा डुलू लागली.

चाचांनी क्लॅरिनेट ओठांपासून काढली आणि भीत भीत रजियाबीला विचारलं, "बरं वाजलं का?"

तिनं काही सांगायच्या आत शाइस्तानं आजोबांचं बोट धरलं आणि उचलून पुन्हा क्लॅरिनेटच्या भोकावर ठेवलं.