मावशींचं नॉर्मल रक्त

"मावशी, ही पण बॅच गेली," सर म्हणाले आणि त्यांनी पट्टी ट्रेमध्ये टाकून दिली.

मी बाटलीतलं पाणी घटाघटा प्यायले. "अहो, गेली कशी? मीच केलीय ना?"

"म्हणून तर कळेना. आकडा नुसता वर पळतोय."

आमचं काम सांगायला सोपं. काचेच्या पट्टीवर झिंक ऑक्साइडचे दांडे उगवायचे. इतके बारीक, की डोळ्यांना नुसता पांढुरका थर दिसतो. त्यावर एन्झाइमचा थेंब. ते रक्तातली साखर खातं, त्यातून जराशी वीज निघते आणि साखर किती ते कळतं. दांडे बिघडले की सगळं मुसळ केरात. ते भट्टीत उगवायचं काम माझं. पट्टी तपासायला निरोगी रक्त लागतं, तेही पहिल्यापासून माझंच. सकाळी रिकाम्या पोटी बोट टोचायचं, आकडा बरोबर आला की पट्टी पास. "मावशी म्हणजे आमचा वजनकाटा," सर थट्टेनं म्हणायचे.

"मोजून केलेल्या साखरेच्या पाण्यात मात्र आकडा बरोबर येतोय," सर डोकं खाजवत म्हणाले. "रक्तातलंच काहीतरी थराला चिकटत असणार. पुन्हा करू या."

पुन्हा! हल्ली हा शब्द ऐकला तरी रडू येतं. भट्टीपाशी उभं राहवत नाही, पाय भरून येतात, जीभ कोरडी पडते. नवरा म्हणतो, वय झालं, सोड आता नोकरी. मीही सगळं वयावरच ढकलत होते.

पण साखरेच्या पाण्यात बरोबर, हे ऐकलं आणि माझी नजर हातातल्या बाटलीवर गेली. माझे वडील असंच घटाघटा पाणी प्यायचे. पुढे त्यांचा पाय कापावा लागला. त्याआधी जखम मीच धुवायचे. आजवर माझ्या कामात कुणाला खोट काढू दिली नाही मी. त्या क्षणी मात्र मनापासून वाटलं, देवा, माझ्या हातून चूकच झालेली असू दे.

"सर, तुम्ही काही खाल्लंय?"

"कुठलं खातोय, या पट्ट्यांपायी!"

"मग बोट द्या."

"माझं? मला सुई बघूनच घेरी येते हां, मावशी."

"द्या हो. जीव नाही घेत तुमचा."

त्याच बॅचमधली पट्टी लावली. आकडा अगदी जिथं यायला हवा तिथं आला.

"अरे वा! बॅच एकदम फर्स्ट क्लास! उगाच तुम्हाला मी..." त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या रिकाम्या बाटलीकडे.

"मावशी, आपली ही पट्टी काही शेवटचा शब्द नाही. डॉक्टरांकडे जाऊन..."

"जाईन. उद्यापासून तुमचंच बोट. आधी पट्ट्या फ्रीजमध्ये ठेवू द्या, एन्झाइम मरेल."

पट्ट्या डब्यात नीट लावून ठेवल्या. मग खिडकीजवळच्या स्टुलावर बसले, बूटमोजे काढले आणि वडिलांचे बघायचे तसे माझे तळपाय उजेडाकडे करून बघितले, बोटांच्या बेचक्यांतसुद्धा.