एकोणीस सालची काहिल

आमच्या वीरधवलच्या द्राक्षबागेला गावात 'फ्रेंच मळा' म्हणतात. मळा कडेगाव तालुक्यातला, माती आमची, पाणी कालव्याचं. फ्रेंच म्हणाव्यात अशा फक्त वेली, आणि वीरधवलचं डोकं. तो फ्रान्समध्ये दोन वर्षं एका म्हाताऱ्याच्या बागेत कामाला होता. बाग केवढी, तर आमच्याकडं एका भावाच्या वाटणीला येते तेवढी. पण त्या म्हाताऱ्याच्या तळघरात दर सालची लाल वाईन वेगळी रचलेली असायची. पाहुणा आला की तो एकेक बाटली फोडायचा आणि सांगायचा, ह्या साली गारा पडल्या, ह्या साली बायको गेली. दुसऱ्यांची पोरं परदेशातून मोबाइल आणतात, आमच्यानं हे वेड आणलं.

परत आल्यावर त्यानं वाईनचा परवाना काढला आणि पहिल्यांदा ओढ्याकडंच्या खालच्या पट्ट्यात वेली लावल्या. प्रत्येक वेलीला काठी त्यानं स्वतः रोवली. वरचा पट्टा मागाहून झाला. अंगणातल्या जुन्या पेवात, जिथं आजोबा जमिनीखाली जोंधळा साठवायचे, तिथं तो दर सालच्या थोड्या बाटल्या जपू लागला. अठरा सालापासून चोवीसपर्यंत सात सालं झाली. एकोणीसला दुष्काळात कालवा आटला, टँकरनं पाणी घातलेलं. एकवीसला वरच्या पट्ट्यावर गारा पडल्या आणि सगळी वाईन खालच्या पट्ट्याची झाली. तीच आपली सगळ्यांत चांगली, असं तो मला दहादा सांगायचा.

त्याचे वडील लालासाहेब, म्हणजे माझे थोरले चुलते, फौजेतून सुभेदार होऊन आलेले. आम्ही त्यांना आबा म्हणतो. आबांना कँटीनची रम कळते आणि ऊस कळतो. गेल्या वर्षी त्यांनी निकाल दिला होता, "पुण्याचा तो दाभाडे येऊन माल घिऊन गेला तर ऱ्हाऊ दे बाग. न्हाईतर जेसीबी लावून ऊस करतो. लय झाला फ्रेंचपणा."

शंभूराज दाभाडे हा मोठमोठ्या हॉटेलांना वाईन निवडून देणारा माणूस. बारा वर्षं फ्रान्समध्ये राहिलेला. त्यानं कळवलं होतं, सातही सालं ओळीनं चाखीन आणि मग ठरवीन. म्हणजे बाग राहते की जाते हे त्याच्या जिभेवर होतं.

तो यायच्या आदल्या दिवशी वीरधवल आणि मी साताऱ्याला पातळ काचेचे ग्लास आणायला गेलो. परत आलो तर अंगणात बाटल्या ओळीनं उन्हात वाळत घातलेल्या. लख्ख धुतलेल्या, भरलेल्या, बुचं लावलेल्या, प्रत्येकीला हळदीकुंकवाचं बोट. लेबल एकीलाही नाही. शेजारी आमच्या बंद पडलेल्या गुऱ्हाळाची काहिल, गूळ शिजवायची थोरली कढई, तिच्या तळाला लाल ओल. दोरीवर आबांचं धोतर वाळत होतं, जांभळं झालेलं.

माझी चुलती राहीबाई पदराला हात पुसत आली. तोंडावर नुसता आनंद.

"आई, ह्ये काय केलंस?"

"गाळ बसला व्हता रं समद्या बाटल्यास्नी. पावण्याला गाळ पाजतुस व्हय? मी आन् शेजारच्या बनुबाईनं समदं काहिलीत वतलं, धोतरातनं गाळलं, आन् भरलं पुन्यांदा. बूच मारायचं मशीन तुझंच हाय की."

"आन् चिठ्ठ्या?"

"त्या काढल्या भिजवून. अठरा साल, एकोणीस साल! तारीख उलटल्याल्या मालाला आष्ट्यात माझ्या भावाच्या दुकानाला दंड झाला, इसरलास? लोकं म्हंतील, लालासाहेबाच्या घरात पावण्याला शिळं वाढत्यात."

वीरधवल मटकन पायरीवर बसला. सात सालं, सात उन्हाळे, गारा, टँकर, सगळं एका काहिलीत. मला त्याच्याकडं बघवेना. पण काकूला काय बोलणार? काकवी गाळावी तशी तिनं मायेनं वाईन गाळली होती. वीरधवलनंही तिला शब्दानं दुखवलं नाही. रात्री त्यानं कपाटातली उरलेली लेबलं काढली आणि हाताला लागेल त्या बाटलीवर हाताला लागेल ते साल चिकटवलं. मी डिंक लावून देत होतो.

दाभाडे सकाळी आला. गळ्यात रुमाल, तोंडात मराठी, पण प्रत्येक वाक्याला फ्रेंच फोडणी. त्यानं ग्लास हलवला, नाक घातलं, घोट तोंडात घोळवला आणि भांड्यात थुंकला.

काकू घाबरून वीरधवलच्या कानाशी लागली. "न्हाई आवडली व्हय?"

"आवडली म्हणून थुकत्यात," वीरधवल म्हणाला.

"अठरा अल्लड आहे," दाभाडे सांगू लागला. "नुकतं मिसरूड फुटलेलं. वीस जरा कोंडल्यासारखं वाटतं, लॉकडाऊनचं साल ना? आणि हे एकोणीस... अहाहा. तहान आहे ह्याच्यात. वेल पाण्याला आसुसलेली होती. कळतंय मला." त्यानं डोळे मिटले. आबांनीही आदरानं मिटले.

मी ग्लास पुसत होतो. हसू आवरेना म्हणून मी काच इतकी घासली की एक ग्लास हातात राहिला आणि त्याची दांडी खाली पडली.

मग एकवीस आलं. दाभाडेनं घोट घेतला आणि तोंड कडू केलं. "हे नाही जमलं. पाणथळ मातीचा वास आहे. ह्या साली फळ कुठलं होतं?"

"नुसतं खालच्या पट्ट्याचं," आबा वीरधवलच्या आधी बोलले.

"तरीच. तो पट्टा काढून टाका. तुमची सगळी वाईन तोच बिघडवतोय. वरचा ठेवा, मी माल उचलतो. एकोणीस तर आहे तेवढी सगळी."

आबांचा चेहरा उजळला. बाग राहिली, सौदा झाला आणि वर ओढ्याकाठची जमीन उसाला मोकळी. वीरधवलचा मात्र रंग उडाला. गप्प बसला असता तर सगळं साधलं असतं. पण खालच्या पट्ट्याला कोणी नाव ठेवलेलं त्याला सोसेना.

"साहेब, खरं सांगतो. ह्या सगळ्या बाटल्यांत एकच वाईन आहे. काल आईनं सगळी सालं एकत्र करून गाळली."

"व्हय व्हय," काकू पुढं झाली. "मीच गाळली. ह्यांच्या धोतरातनं."

दाभाडेनं दोघांकडं बघितलं. मग मोठ्या समजूतदारपणे हसला. "वीरधवल, बागेवर पोटच्या पोरासारखी माया असते, मला माहीत आहे. म्हणून आईला मध्ये घालायचं? बारा वर्षं मी हेच केलंय. घ्या, तुम्हीच बघा." त्यानं एकोणीसचा आणि एकवीसचा ग्लास पुढं केला.

वीरधवलनं एक घोट घेतला, मग दुसरा. पुन्हा पहिला ग्लास तोंडाला लावला. मला वाटलं, आता ग्लास आपटतो. पण त्यानं दोन्ही ग्लास हळूच खाली ठेवले.

"येवढा पावना येवढ्या लांबनं यीऊन खोटं कशाला बोलंल?" आबा म्हणाले आणि विषय संपला. दोरीवरचं जांभळं धोतर त्यांच्या डोक्यावर वाऱ्यानं हलत होतं, ते मान वर करून बघायलाही तयार नव्हते.

संध्याकाळी मी वीरधवलला विचारलं, "घोट घेतल्यावर गप का झालास रं?"

"मला फरक लागला गड्या," तो म्हणाला. "एकवीस खरंच पाणचट लागली."

त्या क्षणी मला दाभाडेचा आला नसेल एवढा त्याचा राग आला. लेबल त्याच्या हातांनी चिकटवलेलं, डिंक माझा. तरी.

चौथ्या दिवशी जेसीबी आला. खालचा पट्टा दुपारपर्यंत साफ झाला. वीरधवल बांधावर उभा होता. मशीन निघून गेल्यावर त्यानं उपटलेल्या वेलींतून काठ्या तेवढ्या वेगळ्या केल्या, मोळी बांधली आणि खांद्यावरून घरी आणली. काय करायच्यात, असं आम्ही कोणी विचारलं नाही. खालच्या पट्ट्यात आता ऊस आहे, छातीएवढा झालाय, आबा रोज बघून येतात.

बाकी आमचं बरं चाललंय. एकोणीस सालची वाईन हॉटेलात इतकी चालली की दाभाडेचा दर दोन महिन्यांनी फोन येतो, अजून शिल्लक आहे का? पहिल्यांदा वीरधवल संपली म्हणाला होता. आबांनी त्याच्या हातातून फोन घेतला आणि सांगितलं, लागंल तेवढी हाय. काकूनं काहिल घासून ठेवलीय. गाळायला आता नवं धोतर आणलंय, खास त्यासाठी.

मागच्या महिन्यात लेबलं छापायला आम्ही तिघं कराडला गेलो. छापखान्यातल्या माणसानं विचारलं, "साल कुठलं टाकायचं?"

वीरधवल रस्त्याकडं बघत राहिला.

"येकोणीसच टाका," आबा म्हणाले. "आमच्यात अजून त्येच चाललंय."