समुद्राचे वाटे

माझं डोकं लवकर तापतं हे आमच्या ऑफिसात सगळ्यांना ठाऊक आहे. त्या दिवशी तापलं ते एका शब्दावरून.

लालबागला, संपानंतर बंद पडलेल्या एका गिरणीच्या जागेवर काचेची इमारत उभी राहिली. तिथं आम्ही समुद्राचा अंदाज काढतो. उद्या लाटा किती, वारा कुठला, असं. हिशेब एका कॉम्प्युटरला झेपणारा नाही, म्हणून एकमेकांना जोडलेल्या मशीनांचा अख्खा ताफा आहे. त्याला क्लस्टर म्हणतात. प्रोग्राम लिहिला होता जगनने. हा माहीमच्या कोळीवाड्यातला, आणि त्याचे वडील धर्माकाका अजून होडी घेऊन जातात. गंमत अशी की सकाळी सुरू केलेला हिशेब संपायचा दुसऱ्या दिवशी, होड्या निघून गेल्यावर.

"वरातीमागून घोडं," आमचे साहेब दौलतराव चारचौघांत जगनला म्हणायचे. त्या सकाळी मात्र त्यांनी सरळच सांगितलं, "आज संध्याकाळपर्यंत अंदाज हातात पडला नाही, तर हे काम जगनकडून काढून बाहेर देणार."

"आधी मोजू तरी द्या," मी म्हटलं.

मोजायला प्रोफायलर असतो. प्रोग्राम चालू असताना कुठलं मशीन किती वेळ काम करतंय आणि किती वेळ नुसतं थांबलंय, हे तो पट्ट्यांनी दाखवतो. हिरवं म्हणजे काम, लाल म्हणजे थांबणं. थोडा वेळ चालवला आणि पडदा लालभडक झाला.

दौलतराव खुर्चीमागे येऊन उभे राहिले. "बघ, सगळी बसून आहेत. एकजात कामचोर! ही मशीनं बदलायला हवीत, आणि लिहिणाराही."

कामचोर! माझे वडील कोंडीराम याच आवारात, गिरणीच्या साचेखात्यात मागावर होते. मागे कामाचा वेळ मोजणारा घड्याळवाला उभा राहायचा, असं ते सांगतात. साचा थांबला की 'कामगार बसून आहे' असं वर कळवायचा. सूत का आलं नाही हे विचारायला त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. संपानंतर बाबांना आत घेतलं नाही, आणि वर लोक म्हणायला मोकळे, की यांना कामच नको होतं. भोईवाड्याच्या चाळीत हा शब्द ऐकत मी मोठी झाले. मशीनला म्हटला तरी मला सहन होत नाही.

"सर, थांबलेला आळशीच असतो असं नाही," मी म्हणाले. माझा आवाज चढला होता, चढू दे. "ती कुणाची तरी वाट बघतायत. हिशेबाच्या दर पावलाला शेजाऱ्याचे आकडे मिळाल्याशिवाय पुढे जाता येत नाही. लाल बघू नका. ज्याला क्षणभरही थांबायला मिळत नाही, तो शोधा."

सगळ्या लाल गर्दीत एकच पट्टी टोकापासून टोकापर्यंत हिरवी होती. जगन पुढे वाकला.

"हा तर आपला किनारा. माहीमची खाडी, तिथले खडक."

"आणि त्याच्या एकट्याच्या बोडक्यावर एवढं काम कसं रे?"

"जास्त कुठं? मी प्रत्येक मशीनला समुद्राचा सारखाच तुकडा दिलाय. आमच्यात मासळीचे वाटे घालतात तसे. उगाच कमीजास्त केलं की भांडणं."

"आणि खाडीपाशी आकड्यांचं जाळं बारीक कुणी विणलं? जितकी भोकं, तितका हिशेब."

"मीच. बाबा तिथूनच जातो. ते मी सैल करणार नाही हां, सांगून ठेवतो."

"कोण म्हणतंय सैल कर? अरे, मासळीचे वाटे खायचे असतात, हे वाटे ओढायचे आहेत. खाडीचा तुकडा चार-पाच जणांत फोड. भर समुद्राचे मोठमोठे तुकडे एकेकाला दे."

"एकाला चिमूटभर खाडी, आणि एकाला अख्खा दर्या? कसं वाटतं ते!"

"ओझं सारखं कर. आकार गेला खड्ड्यात."

कुरकुरत का होईना, त्याने वाटे नव्याने घातले. जेवणानंतर प्रोग्राम पुन्हा चालू केला. पट्ट्या एकेक करून हिरव्या होत गेल्या. दौलतराव बघतच राहिले.

"नवीन मशीनं जोडलीत काय?"

"नाही सर, तीच. मघाचीच कामचोर." हे वाक्य मी चवीने म्हटलं, खोटं कशाला बोलू?

चहाच्या वेळी अंदाज आला. पहाटे खाडीच्या तोंडाशी वारा उलटणार, मोठ्या लाटा येणार. जगनने तिथूनच वडिलांना फोन लावला. मला ऐकू यावं म्हणून आवाज मोठा केला.

"बाबा, उद्या होडी नको काढू. तोंडावर लाटा आहेत."

"उद्याचा आज सांगतंस?" धर्माकाका हसले. "तुजा मशीन सांगते काय?"

"मशीन नाय. मी सांगतो."

पलीकडे किनाऱ्यावरचा गलका ऐकू येत होता. अंदाज वेळेवर आला खरा, पण तो मानायचा की नाही हे त्या म्हाताऱ्याच्या हातात होतं.

मग धर्माकाका ओरडले. जगनवर नाही, किनाऱ्यावरच्या माणसांवर.

"ए चंदू, होडीत बरफ नको भरू! सगल्यांना सांग, उद्या नय जावाचा. माज्या पोरानं सांगितलाय!"