इंग्रजीतली मुकी वहिनी

धाकट्या नणंदेची इंग्रजी कादंबरी गाजली, आणि घरात ती पहिल्यांदा वाचली वहिनीने. वहिनी वकील. कोर्टात तिचं तोंड सुरू झालं की भल्याभल्यांची बोबडी वळायची. घरी नणंद-भावजयीचं वाजलं तर खालच्या मजल्यावरचे टीव्ही बंद करून ऐकायचे.

कादंबरीत शिकलेली नणंदच गोष्ट सांगते; तिची भावजय मात्र मुकी. सासू तिला कोठीत कोंडते, नवरा ढुंकून बघत नाही, आणि ही बया खिडकीशी उभी राहून डोळ्यांनी युगायुगांचं दुःख सांगते. शेवटी एक परदेशी बाई येऊन तिला बोलतं करते. हनुवटीवरचा तीळ तेवढा हुबेहूब वहिनीचा.

नणंदेच्या सत्कार समारंभात तो तीळ ओळखून दोन बायका जवळ आल्या. एकीने वहिनीचा हात दाबला. "किती सोसलंत."

"कोणी?" वहिनीने विचारलं. त्या आणखीच हळहळल्या.

परतताना गाडीत वहिनीने विषय काढला. "मी कधी गप्प बसले गं?"

"ती तू नाहीस. ती आपली संस्कृती आहे."

"संस्कृतीला माझाच तीळ बरा सापडला."

"पहिल्या खर्ड्यात बोलायची ती," नणंद कुरकुरली. "संपादक म्हणाल्या, अशी बाई कुठेही सापडते. आपल्याकडची वाटत नाही."

"म्हणून तू माझी वाचा बसवलीस. छान."

पुढे एका प्रकाशकाने मराठी अनुवादासाठी विचारलं. वहिनी म्हणाली, "मी करते, फुकट." नणंदेचा चेहरा उतरला.

"मराठीत नको."

"का?"

"आई वाचेल."

वहिनीचं बाळ सांभाळून, तिला वकिलीच्या परीक्षेला पिटाळणाऱ्या त्या आई. वहिनीने त्याच संध्याकाळी कोठीचं प्रकरण त्यांना मराठीत वाचून दाखवलं. नणंद समोरच होती. सासूबाई मटार सोलत शांतपणे ऐकत होत्या. संपल्यावर त्यांनी लेकीकडे पाहिलं.

"मी सुनेला कोंडलं, ते एक असो. पण ही गोष्ट सांगणारी शिकलेली नणंद त्याच घरात होती ना? तिने कडी का नाही काढली?"

 नणंद उठून आत गेली.

दुसऱ्या दिवशी तिने प्रकाशकाला नकार कळवला. या कादंबरीचा आत्मा मराठीत उतरणार नाही, असं कारण दिलं. अख्ख्या प्रकरणात तिचं एवढंच बोलणं वहिनीला खरं वाटलं.