दोन शेंड्यांची काठी

मी मासे धरायची काठी बोलतेय. हल्लीच्या चकचकीत काठ्यांतली नव्हे. बांबू चिरून, सहा कामट्या तासून, सरसाने एकजीव केलेली जुनी काठी. सध्या मुक्काम काचेच्या कपाटात आहे. जागा ऐसपैस, पण पाण्याचा थेंब नाही.

मला घडवलं या घरातल्या बाबांनी. तोच त्यांचा धंदा. वर रेशमी दोऱ्याचे वेढे, खाली बुचाची मूठ. माणसं छाती फुगवून म्हणतात, "मोडेन पण वाकणार नाही." आमच्यात असली काठी सरपणात जाते.

बाबांनी मला मुठीकडचा एक बुंधा आणि त्यात आलटूनपालटून बसणारे दोन शेंडे दिले. एक शेंडा पाण्यावर गेला की दुसरा घरी आराम करायचा. पुढच्या खेपेला अदलाबदल. "एकट्यालाच राबवलं की तो वाकडा होतो," बाबा मुलांना सांगायचे. दोघे मुलगेही मला पाळीपाळीने धरायचे. थोरल्याचा हात जड, धाकट्याचा हलका. खरं सांगते, मला धाकटाच आवडायचा.

बाबा गेले आणि मी कुणाची यावरून घरात भांडण पेटलं. थोरल्याने बुंधा आणि एक शेंडा बळकावला. धाकटा दुसरा शेंडा घेऊन तणतणत निघून गेला. नुसत्या शेंड्याने मासा काय धरणार, कपाळ! पण दोघेही न वाकणारे. पुढे वर्षानुवर्षं त्यांचं बोलणंच बंद झालं.

थोरल्याने मला काही वर्षं एकाच शेंड्यावर राबवलं. तो शेंडा वाकला तो वाकलाच. मग त्याला जुन्या काठ्या जमवायचा नाद लागला आणि माझी नदी सुटली. त्याच्यासारखेच नादिष्ट लोक यायचे, मला उलटीसुलटी करून विचारायचे, "दुसरा शेंडा कुठाय?" थोरल्याच्या नाकाला मिरच्या झोंबायच्या.

एक दिवस धाकट्याची बायको आली. दारातूनच म्हणाली, "भाऊजी, डॉक्टरांनी हात टेकलेत. ह्यांना एकदा तुमच्याबरोबर नदीवर बसायचंय. काठी घेऊन या. शेंडा तुम्हालाच देणार आहेत."

थोरल्याचे डोळे भरून आले. मला वाटलं, निघालो! पण त्याने मला उजेडात धरलं. दोरा उसवलेला, व्हार्निश तडकलेलं. "बाबांची काठी अशा अवतारात नेऊ? ओल शिरली तर कामट्या सुटतील. जरा नीट करतो, लगेच येतो."

त्याने नवा दोरा गुंडाळला. व्हार्निशचा एक हात दिला, तो वाळायला मला टांगून ठेवलं. मग दुसरा हात. हवा दमट, वाळता वाळेना. मी दोरीवर लटकून तळमळत होते. अरे, मी पाण्यासाठीच जन्मले आहे, ने मला तशीच! पण काठीचं ऐकतो कोण?

भावजयीचा फोन आला. "शेवटचा हात राहिलाय, परवा येतो," तो म्हणाला.

परवा तीच आली. हातात कापडी पिशवी.

"हा घ्या शेंडा. आता घाई नाही. खिडकीतून बाहेर धरून बसायचे हा. दोरा नाही, गळ नाही. म्हणायचे, दादा बुंधा घेऊन येतोय."

थोरल्याने मला गच्च धरलं. व्हार्निश अजून ओलं होतं. त्याची बोटं माझ्या अंगात रुतली आणि ठसे तसेच वाळले.

आता मी पूर्ण आहे म्हणे. पाहुणे वाखाणतात, मग विचारतात, "हे बोटांचे ठसे कसले? घासून टाका की." सगळे गेल्यावर थोरला कपाट उघडतो, त्या ठशांवर बोटं ठेवतो आणि पुन्हा काच लावतो.

अरे थोरल्या, मला एकदा नदीवर ने. माझा एक शेंडा राबून वाकडा झालाय, तो असू दे घरी. आज पाळी दुसऱ्याची आहे. ओल शिरू दे, कामट्या सुटू देत, मी मोडले तरी चालेल. तो फार दिवस खिडकीत वाट बघत होता.