उडीच्या बटणावरचा अंगठा

मी व्हिडिओ गेमचा रिमोट बोलतोय. स्वस्थ पडून राहणं मला कधी जमलंच नाही. डावीकडे चार दिशांची चकती, उजवीकडे दोन बटणं. एकाने ठोसा, एकाने उडी. दोन अंगठे माझ्यावर नाचत असले की मी जिवंत.

दोन हजार तीनच्या दिवाळीत नाशकातल्या मेनरोडवरून मला मखमलाबादला आणलं, ते रंगनाथ नावाच्या फूलशेतकऱ्याने, त्याच्या मुलीसाठी, वेदिकासाठी. गेम एकच होता. लाल झग्याचा एक महावीर गच्च्यांवरून, मधल्या पुलांवरून उड्या मारत जायचा आणि शेवटी मनोऱ्यावरच्या लोखंडी राक्षसाशी लढायचा. जीव फक्त तीन. वेदिका सातवीत जाईपर्यंत तिसऱ्या पुलापर्यंत पोचायची, मग पडायची आणि मला गादीवर आपटायची.

ती सातवीत गेली त्या वर्षी श्रावणात रंगनाथचा उजवा हात कडबा कापायच्या यंत्रात सापडला. अंगठा वाचला, पण वाकेना. "हलवत राहा, नाहीतर आखडेल," डॉक्टरांनी बजावलं आणि दाबायला रबरी चेंडू दिला. रंगनाथने तो कोनाड्यात टाकला. दिवसभर तो ओट्यावरून खोलीत, खोलीतून ओट्यावर फिरायचा. बाहेर झेंडूला कळ्या धरत होत्या आणि सिंधुबाई, त्याची बायको, एकटी मळ्यात राबत होती.

एका दुपारी वेदिकाने मला त्याच्या हातात दिलं. "नाना, खेळून तर बघा."

"पोरखेळ हाय हा. ठेव तिकडं."

पण त्याने मला खाली ठेवलं नाही. महावीर गच्चीच्या टोकाशी आला, रंगनाथने अंगठा रेटला, बटण हललंच नाही. महावीर खाली पडला. पुन्हा. पुन्हा. त्या अंगठ्याची कळ मला कळत होती; तो घामाने ओला व्हायचा. चार दिवस नुसतं पडणंच. पाचव्या दिवशी माझं बटण जेमतेम खाली गेलं.

"सिंधू! ये, बघ! मारली त्यानं उडी!"

सिंधुबाई खरकट्या हातांनी धावत आली. टीव्हीकडे तिने पाहिलंच नाही. ती नवऱ्याच्या अंगठ्याकडे बघत राहिली.

मग मात्र रंगनाथला चैन पडेना. चहा निवायचा, हाका ऐकू यायच्या नाहीत. पहिला पूल झाला, दुसरा झाला. दीड महिन्याने तो मनोऱ्यापर्यंत पोचला. राक्षसाला दोन ठोसे बसले आणि लाईट गेली. गेमच्या यंत्राला आठवण ठेवायची सोय नव्हती. लाईट आली की सगळं पहिल्यापासून.

रंगनाथने मला भिंतीवर फेकलं. माझा एक कोपरा उडाला.

वेदिकाने मला उचललं. "रिमोट फोडून हात बरा होणार आहे का, नाना?"

तो खाली बसला. "टीव्हीवरल्याला तीन जीव हायेत, वेदे. मला हात एकच हाय. ह्यो गेला तर फुलं कशानं तोडू? तुझी आय किती दिवस एकटी करील?"

वेदिका त्याच्या डाव्या बाजूला जाऊन बसली. माझी चकती तिने आपल्या अंगठ्याखाली घेतली. "पळायचं मी बघते. तुम्ही उडी आणि ठोसा बघा."

असं मला कुणी धरलं नव्हतं. अर्धा मी मुलीच्या हातात, अर्धा बापाच्या. सुरुवातीला दोघांचा मेळ बसेना. ती पळायची, तो उशिरा उडायचा, आणि दोघं एकमेकांवर खेकसायचे. दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात राक्षस कोसळला. पडद्यावर फटाके उडाले, इंग्रजीच्या दोन ओळी आल्या. आणि महावीर पुन्हा पहिल्या गच्चीवर उभा राहिला.

"एवढंच?" रंगनाथ म्हणाला.

"एवढंच, नाना."

तो खूप हसला. दुसऱ्या दिवशी उजाडताच मळ्यात गेला. पूर्वी दहा क्रेट फुलं तोडणारा माणूस त्या दिवशी दोनच भरून आला. अंगठा अर्धाच वाकायचा, आजही अर्धाच वाकतो. पण तो रोज जात राहिला आणि माझ्याकडे फिरकेनासा झाला. मी वाट पाहिली. रागही आला. टीव्हीवर बातम्या लागल्या की माझी वायर नुसती शिवशिवायची.

आता दोन हजार नऊ साल आहे. गेमचं यंत्र जळालं, वेदिका कॉलेजला गेली, मी कपाटाच्या खणात आहे. उडीचं बटण इतकं झिजलंय की त्यावरचं अक्षर दिसत नाही. कुणाच्या हाती लागलोच, तर एवढं करा. शोभेला ठेवू नका. अंगठा टेकवा आणि दाबा, चांगलं जोरात. मला दुखत नाही.